डोक्याकडची दोरी

फिंडॉख्टी,
१४ ऑक्टोबर १९५८

श्री. मॅग्नस फ्लेट यांस,
जेमिसिना फ्लेट हिचा स. न. वि. वि.

तुम्ही सुट्टीवर घरी ऑर्कनी बेटांवर गेलात, असे बंदरावर कळले. माझे यजमान आर्ची जाऊन पाच आठवडे झाले. त्यांची शवपेटी कबरीत सोडताना डोक्याकडची पहिली दोरी तुम्ही धरली होती, म्हणून लिहिते.

ती दोरी सर्वांत जवळच्या नातलगाची असते; ती धरायला बोलावणारे ते कार्ड तुमचे नव्हते, माझ्या पुतण्याचे, मर्डोचे होते. आमच्या गावात निम्मी घरे फ्लेट, म्हणून आम्ही आडनावापुढे घराचे टोपणनाव लावतो. अंत्यविधीचे बघणारा गृहस्थ परगावचा. त्याने नुसते ‘एम. फ्लेट, बंदर’ लिहिले आणि ते तुमच्या खोलीवर आले. कबरीपाशी कोणी वाद घालत नाही, म्हणून मर्डो तिथे गप्प राहिला. आता माझ्याशीही गप्प आहे. बायकोकडून निरोप तेवढा धाडतो, की काकूला सख्खा पुतण्या दिसला नाही, इंजिने दुरुस्त करणारा परका बरा दिसला.

घरच्या बायबलात आर्चींचा मूळ पुरुष लिहिलेला आहे : अँड्र्यू फ्लेट, ऑर्कनीहून आला, १७६८. तुमच्याही घराण्यातला एक अँड्र्यू दक्षिणेला गेला होता, असे तुम्ही त्या दिवशी चहाच्या वेळी म्हणालात. तो हाच निघाला तर आर्चींना परक्याने पोचवले नाही, असे मर्डोला सांगता येईल. त्याला तेवढे पुरेल. मलाही. तिकडच्या चर्चच्या वह्या पाहाल का?

तसदी देते आहे, राग नसावा.

आपली,
जेमिसिना फ्लेट


स्ट्रॉमनेस,
२ नोव्हेंबर १९५८

श्रीमती जेमिसिनाबाई यांस,
सा. न. वि. वि.

वह्या पाहिल्या. आमचा अँड्र्यू १७६८ साली जहाजावर चढला खरा, पण १७७१ साली इथेच पुरल्याची नोंद आहे, अविवाहित. तुमचा अँड्र्यू दुसरा. फ्लेट इथेही पैशाला पासरी आहेत.

आई म्हणाली, दोनशे वर्षांपूर्वीचे कोण तपासायला येतेय, हो म्हणून लिहून टाक. पण एकदा मी तुमच्या माणसाच्या जागी चुकून उभा राहिलो. आता जाणूनबुजून उभा राहणार नाही. कार्ड आले तेव्हा वाटले, असेल कोणी लांबचा, नाही म्हटले तर अपमान होईल. मर्डोंची माफी मागतो.

एक राहिले. तुमच्याकडे बायका कबरीपाशी येत नाहीत, म्हणून कोणी सांगितले की नाही ठाऊक नाही. पेटी अगदी सरळ खाली गेली. कुठे धक्का लागला नाही. पाऊस थांबला होता. टेकल्यावर इतरांनी दोऱ्या सोडल्या, मी थोडा वेळ धरून ठेवली. का, ते सांगता येत नाही.

तब्येतीस जपावे.

आपला,
मॅग्नस फ्लेट


फिंडॉख्टी,
१६ नोव्हेंबर १९५८

चि. मॅग्नस यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र घेऊन मी स्वतः मर्डोकडे गेले आणि वाचून दाखवले. नाते नाही हे ऐकल्यावर तो बायकोकडे वळून म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? पुढे पेटी सरळ खाली गेली, इथवर आले आणि माझ्याने वाचवेना. दोन महिने मी हे कोणाला विचारले नव्हते आणि कोणी सांगितले नव्हते. मर्डोने पत्र हातातून घेतले आणि पुढचे मोठ्याने वाचले. मग घडी घालून मला परत दिले. म्हणाला, त्या माणसाने काम नीट केले. बायकोने दोघांना माशाचे सूप वाढले.

निघताना त्याने बजावले, की काकू, तुझ्या वेळी डोक्याकडे मीच. मी म्हटले, तूच. पायाकडे कोण, हे मात्र मी ठरवीन. तो हसला. म्हणाला, मग टोपणनाव घाल, नाहीतर पोस्टमन पुन्हा घोळ करील.

म्हणून सोबत कार्ड पाठवते आहे : मॅग्नस फ्लेट ‘ऑर्कनी’, दोरी क्रमांक दोन, पायाकडची. तारीख कोरी ठेवली आहे. मला घाई नाही, पण तू सुट्टी संपली की ये.

आईला माझा नमस्कार सांग आणि माया अशीच ठेव.

तुझी,
जेमिसिनाकाकू