पिठाच्या गोळीने दुखलेल्या मांड्या

चि. एस्को यास,

पिएलिनेन तळ्याकाठून थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे ते विचारणार होतो, पण गुनिल्लाने (तुझ्यापेक्षा तुझी बायको आमच्याशी जास्त बोलते, ती स्वीडिश असूनही!) परवाच तुझ्या वहिनीला, तूलाला, फोन करून सगळं सांगितलं. माझं नाताळचं पत्र वाचून तू कोलेस्टेरॉलची गोळी, ती स्टॅटिन, बंद केलीस म्हणे. त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मी आपला माझ्या मांड्यांची हकिगत सांगतो.

त्या पत्रात मी चार पानं भरून गोळीला शिव्या घातल्या होत्या, आठवतं? त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मांड्या भरून येत होत्या, जिना चढवत नव्हता, आणि सौनाच्या वाफेत (हे तेव्हा लाजेपोटी लिहिलं नाही) वरच्या फळीवर चढता येईना म्हणून मी महिनाभर खालच्या फळीवर, नातवंडांच्या रांगेत बसत होतो. कारण उघड होतं. गोळ्यांच्या खोक्यातला तो घडीचा कागद मी भिंग घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला होता. स्नायू दुखणे, अशक्तपणा, वाईट स्वप्नं, सगळं. फिनिशमधलं संपलं तर मागे तेच स्वीडिशमध्ये. तेही वाचलं. फिनिशने उजवी मांडी धरली होती, स्वीडिशने डावी धरली.

मग मी दवाखान्यात जाऊन कात्री नर्सला सांगितलं की गोळी बंद. ती माझ्या वर्गातली, मला चांगली ओळखून आहे, त्यामुळे भांडली नाही. तिने डॉक्टरांशी बोलून दोन बाटल्या दिल्या. जानेवारीत लाल दोऱ्याची, फेब्रुवारीत काहीच नाही, मार्चमध्ये निळ्या दोऱ्याची. एकीत खरी गोळी, दुसरीत नुसती पिठाची. कुठली कशात, ते डॉक्टरांच्या कपाटातल्या बंद पाकिटाला ठाऊक. आणि रोज किती दुखलं ते शंभरापैकी आकड्यात लिहायचं. आता आपल्या घरच्या पुरुषाला दुखणं लिहायला सांगायचं म्हणजे कमालच झाली. बाबा छातीत कळा येत असताना लाकडांची रास पुरी रचून मग आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी रोज "बरंय" लिहिलं. मार्चअखेर कात्रीने वही उघडली तर आत नव्वद वेळा बरंय. तिने कपाळाला हात लावला. तेव्हा तूलाने पर्समधून दुसरी वही काढली. माझं कण्हणं ऐकून ती रोज गुपचूप आकडे लिहीत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात कुणी माझ्याकडे एवढं कान देऊन असतं हे मला माहीतच नव्हतं. मला भरून आलं. (मी खिडकीबाहेर बर्फ बघत बसलो.)

जानेवारीत चाळीस-पंचेचाळीस. फेब्रुवारीत शून्य; त्या महिन्यात मी गोठलेल्या तळ्यावरून स्की करत बेटापर्यंत मासे धरायला गेलो होतो. मार्चमध्ये पुन्हा चाळीस. मी म्हणालो, "बघा! दोन्हींत गोळीच होती!" कात्रीने पाकीट फोडलं. जानेवारीची बाटली पिठाची निघाली.

एस्को, मी महिनाभर चिमूटभर पिठामुळे लंगडलो.

"राइमो, काही लोकांचं गोळीने खरंच दुखतं, म्हणून तर तपासून बघितलं," कात्री म्हणाली. "पण तुझ्या मांड्यांनी कागद वाचलाय." मग तिने समजावलं की ही गोळी रक्तातली चरबी कमी करून थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या आत जो दाह धुमसत असतो तोही शांत करते, म्हणजे तिथली चरबीची खपली सहसा फुटून झटका येत नाही. रक्तातली साखर मात्र जराशी वाढू शकते. (हे कागदात होतंच, पण मला वेलदोड्याचा गोड पाव आवडत असल्याने त्या ओळीचा माझ्यावर काहीच परिणाम झाला नव्हता.) एप्रिलपासून तीच निळ्या दोऱ्याची गोळी माहीत असून घेतोय आणि मांड्या मुकाट आहेत. सौनात परत वरच्या फळीवर बसतो.

बाबा बावन्नाव्या वर्षी गेले, आपला भाऊ पेन्त्ती पंचावन्नाव्या. मी एकसष्ट. आपल्या घरात एकसष्ट वर्षांचा पुरुष आजवर झालाच नाही, त्यामुळे या वयात कसं वागायचं ते बघायला समोर कुणी नाही. पण वागायला मिळतंय. त्याबद्दल मी तूलाचा, कात्रीचा आणि ज्या बुरशीत हे औषध पहिल्यांदा सापडलं त्या बुरशीचा फार ऋणी आहे. (तूला पत्र वाचणार आहे, म्हणून हा क्रम.)

तुझा,
राइमो

ता. क. : येत्या जूनमध्ये तुला पंचावन्न पुरी होतील.

आणखी एक ता. क. : माझं नाताळचं पत्र चुलीत घाल. तोही तसलाच कागद होता, फक्त खाली माझी सही होती. म्हणून तुला जास्त बाधला. चूक माझी आहे.

शेवटचं, आणि पत्र खरं याच्यासाठीच लिहिलं : तुझ्या डॉक्टरांना भेटून गोळी पुन्हा सुरू कर. ती मिळाली की गुनिल्ला कळवील. मग मी रोज सकाळी सातला (तुझ्याकडे सहा) फोन करीन. बोलायची सक्ती नाही, आपल्याला ते जमतही नाही. नुसता उचल, गोळी गीळ, पाण्याचा घोट ऐकू दे, ठेव. तूला म्हणते, त्या वेळी फोन वाजला की तो उचलायला ती धजत नाही, कारण पेन्त्तीची बातमी सकाळी सातलाच आली होती. मीही धजत नाही. म्हणूनच तीच वेळ धरली आहे.