मखमलीची उलटी लव

बशोरत,

तुला उठवलं नाही. मी थिएटरात चाललो आहे. नान फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, शोरबा तेवढा गरम कर. उरलेली मखमल मात्र आज कापू नकोस.

काल तालमीत दिवे लागले आणि नाटकातल्या वऱ्हाडाचे सोळाही चापान अंगरखे दोन रंगांचे दिसले, एक बाजू लाल, दुसरी काळपट. दिग्दर्शक शवकत म्हणाला, "काय हो सोदिक अका, वऱ्हाड अर्धं उन्हात नि अर्धं सावलीत उभं केलंत का?" सगळे हसले. तुकडे उलटसुलट ठेवून कापल्यामुळे लव कुठे वर, कुठे खाली गेली आहे, म्हणून दिव्यात रंग बदलतो. पहिला प्रयोग उद्या आहे. आता काही होण्यासारखं नाही.

खडूच्या खुणा माझ्या होत्या, असं मी त्याला सांगितलं. फोन आला तर तूही तेच सांग. तसंही पुढच्या संगीत नाटकाचे कपडे तो ताश्कंदहून तयारच आणणार आहे.

पहिला चापान कापलास तेव्हा मी शेजारीच होतो. चूक मला दिसली होती. पण तीस वर्षं कात्री तुझ्या हातात, मी नुसता पुस्तकं बघून कपड्यांची चित्रं काढणारा. वाटलं, माझंच चुकत असेल. दुसरा कापलास, तेव्हा वाटलं, आता उशीर झाला.

डोळ्यांचे थेंब खिडकीत आहेत. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तरीही लागत नसेल, तर शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस. संध्याकाळी मीच वाचून दाखवीन.

सोदिक