सतरा बंदुकांचा उपास

१० मार्च, रविवार

आज सकाळी रिम्माच्या आधी उठलो. लहान खोलीत जाऊन सतराही बंदुका कोरड्या फडक्याने पुसल्या. मग स्वयंपाकघरात गेलो, बायकोपुढे कमरेत वाकलो आणि म्हणालो, चुकलंमाकलं क्षमा कर. उद्यापासून ईस्टरचा मोठा उपास. आदल्या रविवारी सगळेच अशी क्षमा मागतात. रिम्मा म्हणाली, देव क्षमा करील, मीही करते. आणि त्याच दमात विचारलं, खोली कधी रिकामी करतोस, गेरा?

प्रश्न रास्त आहे. ताया ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी येतेय. सातवा महिना सरत आलाय, जावई उत्तरेला तेलविहिरीवर. बाळंतपण इथे तुला शहरातच, आईबापाजवळ. घरात खोल्या दोन. पाळणा लहान खोलीत लागणार.

निश्चय:
१. ईस्टरपर्यंत एकही बंदूक घ्यायची नाही.
२. सतरातली एक ठेवायची, बाकीच्या लोखंडवाल्या अर्कादी पावलोविचला देऊन टाकायच्या.
३. पंचवीस एप्रिलच्या आत खोली मोकळी.

देवळात फादर निकोनना सांगितलं. ते म्हणाले, उपास पोटाचा नसतो गेर्मान येगोरिच, ज्यावाचून करमत नाही त्याचा असतो. मन हलकं झालं. सहा आठवडे खूप आहेत.

११ मार्च, सोमवार

उपासाचा पहिला दिवस. बिनतेलाचा कोबी. बॉयलर-घरातली पाळी संपवून थेट कामाला लागलो. आधी लिस्ट. काय देतोय हेच माहीत नसेल तर देणार कसं?

पहिली बंदूक काढली. नळीवर आमच्या तुला शहरातल्या कारखान्याचा हातोड्याचा शिक्का, साल १८९६. नेम धरायच्या पट्टीवरचे आकडे अर्शिन या जुन्या रशियन मापात. दस्ता मात्र नंतरचा. तो कधीचा, हे शोधण्यात तीन तास गेले.

एक झाली. सोळा राहिल्या. सुरुवात चांगली आहे.

१३ मार्च, बुधवार

रिम्माने खोलीत डोकावून विचारलं, यातली ठेवायची कोणती? मी समजावून सांगितलं. ही पायदळाची, लांब. ही घोडदळाची, चार बोटं आखूड. ही तीसनंतरची, हिची पाठ गोल, आधीच्यांची पैलूदार. ही चव्वेचाळीसची, हिची संगीन दुमडते. सगळ्या सरकारी नियमाने निकामी केलेल्या आहेत, नळीला भोकं, आत खिळा. चिमणीसुद्धा मरायची नाही.

ती म्हणाली, माझ्या पातेल्यांच्या झाकण्यांतही एवढाच फरक आहे, पण मी त्यांना भिंतीवर टांगून त्यांच्याशी बोलत नाही.

वाद घालायचा नाही. उपास आहे. (शिवाय मी बोलत नाही. फक्त साल वाचतो, ते मोठ्याने वाचलं जातं.)

१९ मार्च

आज एक गोष्ट ध्यानात आली. लिस्टमध्ये एक ओळ रिकामी आहे. कझाकांची, म्हणजे झारच्या कोसॅक घोडेस्वारांची, बंदूक.

कझाकांची आणि घोडदळाची दिसायला एकच. पण कझाक संगीन लावत नसत, म्हणून त्यांच्या बंदुकीचा नेम बिनसंगिनीचा जुळवलेला. फरक एवढाच, आणि नळीच्या मुळाशी ठोकलेली तीन रशियन अक्षरं: क, आ, झ. माझ्याकडे ती नाही. सव्वीस वर्षांत हाताला लागली नाही.

आता अपुरा संग्रह दुसऱ्याच्या गळ्यात मारणं बरोबर का? गावच्या शाळेत आमच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, अर्धं उदाहरण सोडवून पाटी देऊ नका. म्हणजे संग्रह मोडायचा तर आधी तो पुरा करायला हवा. याला हौस कोणी म्हणू नये. ही जबाबदारी आहे.

लिस्ट: तीन झाल्या.

२२ मार्च, शुक्रवार

रिम्माने वसंताच्या रिवाजाप्रमाणे चंडोल पाखराच्या आकाराचे पाव भाजले, मनुकांचे डोळे लावून. तायाचा फोन आला होता. पाळणा खिडकीजवळ नको म्हणाली, वारा लागेल. मग मला विचारलं, बाबा, भिंत रिकामी झाली का? मी म्हटलं, काम चालू आहे. खोटं नाही.

दुपारी अर्कादी पावलोविचकडे गेलो, सोळा बंदुका घेशील का विचारायला. तो म्हातारा लेथवाला रविवारच्या जुन्या बाजारात लोखंड विकतो. तो म्हणाला, घेईन की, पण आधी हे बघ. चिंध्यांतून एक नळी काढली. काळ्या रंगाने लिंपलेली. मुळाशी बोट फिरवलं. तीन अक्षरं बोटाला लागली.

बंदुकांचा विषय काढायचा राहून गेला.

३१ मार्च, रविवार

झोप नीट नाही. फादर निकोनना मोघम विचारलं, उपासात मांस चालत नाही हे खरं, पण मांसाचा एखादा भाग, म्हणजे ज्याला अजून मांस म्हणता येणार नाही असं काही? ते म्हणाले, जो उपासात पळवाट शोधतो त्याचं जेवण झालेलंच असतं.

ते कोळंबीबद्दल बोलले असावेत. हल्ली लोक कोळंबीबद्दल फार विचारतात.

७ एप्रिल, रविवार

आज मेरीमातेच्या शुभवार्तेचा सण. मोठ्या उपासात मासे चालतात असे दोनच दिवस, त्यातला हा एक. देवळाबाहेर लोकांनी पिंजऱ्यातली पाखरं सोडली. पाखरू उडताना पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

बंदूक म्हणजे मांस. नुसती नळी म्हणजे मासा.

चर्चनेच परवानगी दिली आहे, मी आपल्या मनाचं काही केलेलं नाही.

अर्कादीला पैसे नको होते. त्याला बाजारात लोखंड न्यायला चाकांचं काहीतरी हवं होतं. आमच्या बाल्कनीत तायाची लहानपणची बाळगाडी आहे, जुनी, भक्कम, मोठ्या चाकांची. रिम्माने मागच्या महिन्यात साबणाने घासून ठेवलीय. बाळ दोन महिने तरी त्यात बसणार नाही. तोवर गाडी परत मागता येईल. नळी पुन्हा मिळणार नाही.

नळी पँटच्या पायात घालून आणली. बसमध्ये एका बाईने उठून जागा दिली, गुडघा का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जुनं दुखणं आहे. हेही खोटं नाही. पण बसता येईना. बाई शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती.

२० एप्रिल, शनिवार

लाझारसचा शनिवार. आज माशांची अंडी चालतात. अर्कादीकडून फक्त स्क्रू, कड्या आणि चाप आणले. अंडीच म्हणायची.

लिस्ट: पाच झाल्या. थोडा मागे आहे. पण उद्या पुन्हा मासे चालतात, म्हणजे दस्ता.

२१ एप्रिल, रविवार

दस्ता आणला. बोल्ट दस्त्याबरोबरच आला, त्याला मी वेगळं मोजत नाही. सगळं जोडलं. उपास एकाही दिवशी मोडला नाही. एकही बंदूक घेतली नाही. खोलीत अठरा आहेत.

मग रिम्मा देवळातून आली. हातात सणाच्या विलोच्या फांद्या होत्या, कोटही काढला नाही. चौकात तिला अर्कादी भेटला होता. आमच्या बाळगाडीत गंजके नळ आणि एक इंजिन घालून ढकलत होता. तिला पाहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, रिम्मा वासिल्येवना, नळीच्या बदल्यात गाडी एक नंबर मिळाली, पूर्वीच्या लोकांना काम माहीत होतं.

रिम्माने मला विचारलं, तुझ्या नळीला चाकं आहेत का? नाही म्हटलं. मग बाळाला त्यात घालून फिरवणार आहेस का? मी म्हटलं, गाडी परत आणतो. ती म्हणाली, गेरा, मला गाडी नको. गुरुवारी मला भिंत दिसली पाहिजे.

दिसेल. चार दिवस आहेत. बॉयलर-घरातून दोन दिवसांची रजा काढलीय.

२३ एप्रिल, मंगळवार

रजेचा पहिला दिवस. विचार केला. आमच्या गावच्या शाळेत एकच खोली होती, चारही वर्ग त्यातच बसायचे, शेवटच्या बाकामागे बाईंची शेळी. चाळीस मुलं आणि एक शेळी मावत होती, तर अठरा बंदुका आणि एक बाळ का मावू नये? बंदुका छताजवळ नेल्या तर?

मोजमाप घेतलं. शिडी नाही. शिडी अर्कादीकडे आहे.

२५ एप्रिल, गुरुवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

आजच्या गुरुवारी घरोघर साफसफाई करतात. रिम्मा पहाटेपासून खिडक्या पुसत होती. मीही लवकर उठलो, बंदुका बांधायला चादरी काढल्या. म्हटलं, कझाकी बंदूक देण्याआधी तीन अक्षरांचा एक चांगला फोटो घ्यावा. ओळख पक्की होऊन जाईल. वरचा काळा रंग आड येत होता. रॉकेल लावलं. निघेना. बारीक पॉलिश-पेपर घेतला.

नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात, शिक्क्यावर पेपर लावू नकोस. मी स्वतः पन्नास जणांना सांगितलंय. पण आज सफाईचा दिवस होता, आणि हात चालत राहिला. शिक्का मुळात झिजून केसाएवढा उरला होता. रंग निघाला, आणि रंगाबरोबर अक्षरंही निघाली. खाली पांढरं, स्वच्छ, चकचकीत लोखंड.

आता ती घोडदळाची आहे. घोडदळाच्या माझ्याकडे आधीच चार आहेत.

किती वेळ जमिनीवर बसलो माहीत नाही. दार उघडलं तर ताया. दोन बॅगा, पुढे आलेलं पोट. भिंतीवर सतरा, मांडीवर एक, चादरी पसरलेल्या, सगळीकडे रॉकेलचा वास. तिला उमळून आलं, ती मोरीकडे धावली. परत येऊन मला म्हणाली, बाबा, तुमच्या डोळ्यांत पाणी का? मी काय झालं ते सांगितलं. तीन अक्षरांचं. ती हसायला लागली, मग हसू थांबलं. म्हणाली, मला वाटलं, मला बघून आलं.

२७ एप्रिल, शनिवार

ताया दोन रात्री स्वयंपाकघरात फोल्डिंगच्या खाटेवर झोपली. आज ती पेन्झाला गेली, सासूकडे. सासूने पाळणा महिन्यापूर्वीच रंगवलाय म्हणे. रिम्माही बरोबर गेली. जाताना ती रागावली नव्हती. फ्रिजमध्ये काय कुठे आहे ते सांगितलं आणि म्हणाली, आपल्या माणसांत आरामात राहा.

दोघी थोड्या दिवसांसाठी गेल्यात. खोली झाली की बोलावून घेईन.

२८ एप्रिल, ईस्टर

देवळातून अंडी आणि गोड पाव मंत्रवून आणला. घरात कोणाला म्हणणार ईस्टरचं, ख्रिस्त उठला? फादर निकोननी तीनदा गालाला गाल लावला आणि विचारलं, उपास कसा गेला? मी म्हटलं, नियमाने. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला खाली बघावं लागलं.

पाव कापला. एकट्याला फार होतो.

१२ मे, रविवार

झालं.

अर्कादी सकाळी बाळगाडी घेऊन आला. सहा खेपा केल्या, दर खेपेला तीन. मी वरून एकेक आणून देत होतो. साल मोठ्याने वाचलं नाही. १८९६ची देताना तो म्हणाला, गेर्मान, ही तरी ठेव, एक तर ठेवायचीच होती ना तुला? मी म्हटलं, ने. शेवटच्या खेपेला गाडीचं पुढचं चाक वाकलं. तो म्हणाला, सरळ करून देतो. बघू.

भिंतीतले खिळे उपटले, भोकं बुजवली, चुना मारला. खिडकीपासून लांब एक चौकोन खडूने आखला, पाळण्याच्या मापाचा.

मग पेन्झाला फोन केला. रिम्मा म्हणाली, कालच बाळ झालं. थोडं आधी, पण ठीक आहे. मुलगी आहे. आम्ही तुला कळवणारच होतो. विहीणबाई फार करतात, खोली मोठी आहे, ताया शरदापर्यंत तरी हलणार नाही. मी म्हटलं, खोली रिकामी केली. ती म्हणाली, फोटो पाठव.

पाठवला. पांढरी भिंत, खिडकी, खडूचा चौकोन.

पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं: छान. आणि दाराच्या मागे काय ठेवलंयस?

दार पूर्ण उघडलं, त्यामागचा कोपरा दिसेल असा दुसरा फोटो काढला. मग पलंगाखालचा. मग बाल्कनीचा. सगळीकडे काही नाही. सगळे पाठवले.