आवाज न करणारा एक्झॉस्ट फॅन

चि. सौ. वसुधा हिस,

मुलुंडहून दादाचे आशीर्वाद. (पन्नाशी उलटल्यावर आशीर्वाद घ्यावेत की गोळ्या, हे तूच ठरव.) बोरिवलीला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. अण्णा दोन आठवड्यांपूर्वी आंघोळ करता करता वाफेनं गुदमरून स्टुलावरून घसरले, हे तू ऐकलंच आहेस; त्यामागचा कार्यकारणभाव मात्र ऐकण्यासारखा आहे. कबुतरांनी अण्णांची फुप्फुसं बिघडवली, म्हणून मी बाथरूमची खिडकी पत्रा ठोकून बंद केली. खिडकी बंद, म्हणून वाफ कोंडली. आता डॉक्टरांनी एक्झॉस्ट फॅन लिहून दिला आहे. (औषधांच्याच कागदावर, खोकल्याच्या बाटलीखाली.)

नाक्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्या हर्षदला म्हटलं, आवाज न करणारा दे. कारण असं, की अण्णा आतून कडी लावतात आणि मोठ्यानं स्तोत्र म्हणतात, आणि मी बाहेर पेपर धरून ऐकत बसतो. स्तोत्र चालू म्हणजे अण्णा चालू. (मध्येच थांबलं की मी दार ठोठावतो, आतून उत्तर येतं, "चरण आठवतोय, मेलो नाही.") हे काही हर्षदला सांगितलं नाही. तो म्हणाला, "काका, पंखा आहे, बोलणारच ना. मुका पाहिजे तर बंद ठेवा."

पहिला घरी आणून लावला, तर विमान कुठे उतरतंय म्हणून अण्णांनी चौकशी केली. दुसरा इतका मौनी, की समोर उदबत्ती धरली तरी धूर जागचा हलेना. (मुनी आणि निकामी यांत बाहेरून फरक दिसत नाही.) हर्षदनं दोन्ही परत घेतले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. तिसरा मध्यममार्गी निघाला. तोच बसवला.

मंगळवारी अण्णा आत गेले, फॅन सुरू झाला, आणि मला स्तोत्राचं एक अक्षर ऐकू येईना. दाराला कान लावला. हाक मारली. उत्तर नाही. शेवटी खांदा मारून कडी उखडली. अण्णा स्टुलावर, अंगाला साबण, स्वस्थ बसलेले.

"तू बाहेर बसतोस ते ठाऊक आहे रे मला," म्हणाले. "तुझ्यासाठीच मोठ्यानं म्हणत होतो. दम लागतो. पंख्यात तुला ऐकू येणार नाही, म्हटलं आज जरा गप्प बसावं."

मी बराच वेळ टॉवेल शोधत राहिलो. तो खुंटीवरच होता.

तुझा,
श्यामदादा

ता. क. कडीसाठी अण्णा रोज सुताराला बोलव म्हणतात. तू त्यांना फोन करून सांग, की तो गावाला गेलाय, दिवाळीनंतर येईल. माझं खोटं ते पहिल्या शब्दाला ओळखतात. तुझं लहानपणापासून खरं मानत आलेत.

पुन्हा ता. क. हे सगळं पुराण बाजूला ठेव. परवा डॉक्टरांनी मला एकट्याला थांबवून काही सांगितलं. ते फोनवर बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, आणि अण्णांचे कान अजून ठणठणीत आहेत. रविवारी सकाळी आठच्या आत ये. ते आंघोळीला गेले की फॅन दहा मिनिटं चालतो. तेवढ्यात बोलून घेऊ.