दुसरा आकार

अंबड,
संक्रांतीनंतरचा रविवार, १९७६

प्रिय रजू,

तुझं पत्र आलं तेव्हा दुर्गाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. नोकरी सोडून कायमची माझ्याजवळ येणार, महिनाअखेर राजीनामा देणार, हे वाचलं आणि मी सुपाकडेच बघत बसले. गेल्या दिवाळीत याच सुपावरून तू मला तुझं काम समजावलंस. अणुभट्टीत न्यूट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ, याचा एक आकार असतो. सुरुवातीला कोणताही आकार धरायचा आणि संगणकाकडून पिढीमागून पिढी काढून घ्यायची. हळूहळू बाकीचं सगळं विरतं आणि एकच आकार उरतो, मध्ये दाट, कडेला विरळ. दाणे सुपात कसेही टाका, पाखडता पाखडता आपल्याच जागी येतात, तसं.

पण तुला दुसरा आकार हवा होता. मोठ्या भट्टीत शक्ती कधी या बाजूला झुकते, कधी त्या. ते झुकणं त्या दुसऱ्यावरून ओळखू येतं. तो पहिल्याच्या आड असतो, पहिला वजा केला की दिसतो. तू एकदाच वजा केलास आणि दशांशापुढचे आकडे तोडताना राहिलेल्या इवल्याशा चुकांतून पहिला परत शिरला, फेऱ्या वाढल्या तसा सगळीकडे पसरला. तुमचे साहेब म्हणाले होते ना, दुसरा शोधायला गेलात आणि पहिलाच घेऊन आलात. मग तू तो दर फेरीला वजा करू लागलीस. हे सांगताना तुझे डोळे कसे झाले होते, तुला ठाऊक नाही.

तू गेल्यावर एक दिवस मी वरणाला लसणाची फोडणी दिली. तुझ्या बाबांना लसूण चालत नव्हता, मला फार आवडायचा. वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी हात आपला पुन्हा जिऱ्याकडेच गेला. त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी घर त्यांच्याच आकारात येऊन बसतं. आता रोज ठरवून लसूण सोलते. दुर्गाबाई म्हणते, “काय वास सुटलाय बाई, साहेब असते तर ताटावरून उठले असते.” आम्ही दोघी हसतो. यात विसरणं नाही गं. वजा करायचा तर पहिला आकार अगदी नीट ठाऊक असावा लागतो, हे तूच सांगितलंस.

दुपारी पडले की हैदराबादचं कॉन्व्हेंट दिसतं. बाकांवरून सरकणारे उन्हाचे पट्टे, मेणाचा वास, फळ्यावर बीजगणित. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी गणित सोडवत नाही, गुणगुणते. मॅट्रिक झाले आणि मांडवात उभी राहिले. यांनी मला काही कमी केलं नाही. पण ती गुणगुणणारी मुलगी कुठे गेली हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. हल्ली लसूण सोलताना ती जवळ येऊन बसते.

काल दुर्गाबाईनं विचारलं, “रजूताई यायलीय म्हणं, मंग मागची खोली झाडून ठेवू का?” मी म्हटलं, थांब. म्हणून हे लिहायला बसले. राजीनामा देऊ नकोस, रजू. आष्टीला मुलींची नवी शाळा निघालीय. पाचवी-सहावीला गणित शिकवायचं आणि वसतिगृहात मुलींसोबत राहायचं. मी एस.टी.नं जाऊन होकार देऊन आले. एक तारखेला निघतेय, किल्ली दुर्गाबाईकडे. तू इथे येशील तर दाराला कुलूप असेल. उन्हाळ्यात आष्टीला ये. लहानशीच पिशवी आण, आणि तो दुसरा आकार आमच्या फळ्यावर काढून दाखव. मला तो अजून डोळ्यांनी बघायचाय.

हाताला लसणाचा वास असलेली,
तुझीच आई