कॅसेटची पहिली बाजू

नाटे,
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

जैनुद्दीन यास आईचा सलाम.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील, आवाज तरी ठणठणीत होता. झोयाला वरचे दोन दात आले. भात घरात आलं. आंब्याच्या कलमांखालचं गवत काढून बेणणी झाली. बकरी व्याली. खबर संपली.

मागचं पत्र कौसर माहेरी आली होती तेव्हा तिच्याकडून लिहून घेतलं. हे मी स्वतः लिहितेय. तिसरीपर्यंत जेवढं शिकले तेवढ्यात भागवते. तुझी बहीण लिहायला बसली की माझ्या शब्दांना साखर लावते, आणि आज मला साखर नको आहे.

तुझी कॅसेट गुरुवारी पोचली. दुपारी पडवीत बायका जमल्या. रीत तुला ठाऊक आहे. मस्कतहून कॅसेट आली की पहिली बाजू वाडीने ऐकायची, सलाम-दुआ, कोण आजारी, कुणाचं लग्न. बायकोशी जे बोलायचं ते दुसऱ्या बाजूला भरायचं, ती ते खोलीचं दार लावून ऐकते. तुझा बाप जहाजावर होता तेव्हा कॅसेटी नव्हत्या, तरी माझं पत्र वेगळ्या पाकिटात घालायची अक्कल त्याला होती. तू मात्र मामीला सलाम केलास, चाचीला सलाम केलास, खोकलास आणि त्याच दमात पहिल्याच बाजूला सुरू झालास.

"बिल्किस, पोरीचा हात भाजला तरी तुला नोकरीच सुचते? पहिल्या तारखेच्या आत राजीनामा दे. नाहीतर पोरीला अम्माकडे ठेव आणि माहेरी जा."

अकरा बायका बसल्या होत्या. कुणी पदर सावरला, कुणी उगाच पोराच्या नाकाला हात लावला. तुझी बायको दवाखान्यातून नुकती आली होती, अंगावर ड्यूटीची पांढरी साडी, हातात चहाचा ट्रे. ती उंबऱ्यातच होती. तिने ट्रे खाली ठेवला, साखर कमी कुणाला ते विचारलं आणि कप वाटले. एकाही बशीत चहा सांडला नाही. ह्याच हातांनी तिने ह्या वाडीतली निम्मी पोरं जगात आणलीत, त्यांच्याच आयांसमोर तू तिला बेफिकीर आई ठरवलंस.

टेपचं बटण माझ्या हाताशी होतं. मी दाबलं नाही. ते तसंच लिहून ठेवते.

बायका उठल्या तेव्हा गोदूबाई मासेवाली मागे राहिली. सगळ्या अंगणात उतरेपर्यंत थांबली आणि मला म्हणाली, "हलीमाबी, त्या दिवशी मी किती वेळ बसले होते गो तुझ्या दारात?"

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगते.

बिल्किस ऑगस्टात रजा संपवून कामावर गेली आणि पोर माझ्याकडे आलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी मी पेजेचं पातेलं चुलीवरून उतरवून खाली ठेवलं होतं. झोया रांगत होती. गोदूबाईने पाटी दारात उतरवली, पाटीत मोडुसे होते, ताजे. मी जाऊन बसले. भाव झाला, मग कुणाच्या होडीला काय मिळालं ते झालं, मग तिच्या सुनेचं झालं. आत पोर रडायला लागली. रडते ती रोजच रडते म्हटलं, आणि आणखी एक मोडुसा वर घालून घेतला. मग आत गेले. तिचा तळवा पातेल्याला लागला होता.

मी टूथपेस्ट फासली. पोर थोडी निवली. बिल्किसला लगेच निरोप धाडला नाही, आपोआप उतरेल म्हटलं. फोड मोठा झाला तेव्हा धाडला. ती धावत आली, हात धुतला, पट्टी बांधली. मला एक शब्द विचारला नाही. त्या न विचारण्याचाच मला राग आला.

त्याच रागात कौसरला लिहायला सांगितलं, "बिल्किस ड्यूटीवर असताना पोरीचा हात भाजला." त्यात एक अक्षर खोटं नाही. मी कुठे होते ते फक्त लिहिलं नाही.

का, ते विचारशील. मी चौसष्ट वर्षांची आहे. पाच पोरं वाढवली, तुझा बाप दोन वर्षांतून एकदा दिसायचा. आता गुडघे मोडून बसले तर उठताना भिंत धरते. आणि तुम्ही दोघांनी ठरवलं, अम्मा आहे ना घरात. मला कुणी विचारलं? तू मस्कतहून नाही, तिने चार हातांवरून नाही. मी काय टाकीतलं पाणी आहे, तोटी फिरवली की यायला? तुम्हा दोघांवर राग होता आणि तो मी तिच्या एकटीच्या माथ्यावर घातला, कारण ती जवळ होती. तू मूर्ख आहेस हे मला माहीत होतं, एवढा असशील असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्यानंतर त्याच अकरा जणींना परत बोलावलं. वर लिहिलंय ते सगळं पडवीत उभी राहून सांगितलं, त्या जादा मोडुशासकट. कुणी चहा प्यायलं नाही.

बिल्किस म्हणाली, "अम्मा, मला त्याच दिवशी कळलं होतं. फोड तासाभराचा होता. वास टूथपेस्टचा होता."

मग बोलली का नाहीस, म्हटलं. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "बोलले असते तर तुम्ही पोरीला पुन्हा हात लावला नसतात. मग मी ड्यूटीवर गेले असते कशी?"

आधी मला वाटलं, सून मला वाचवत होती. ती माझ्या भीतीने गप्प होती. गेले सहा आठवडे तिने पोर माझ्याजवळ कशी सोडली असेल ते तुझ्या कॅसेटीत मावायचं नाही. माझ्याही डोक्यात मावलं नव्हतं.

राजीनामा तिने लिहून पर्समध्ये ठेवला होता. मी म्हटलं, जाळ. जाळला नाही, तसली ती नाही. मागची बाजू कोरी आहे म्हणाली आणि लस द्यायच्या पोरांची नावं त्यावर लिहायला घेतली. उद्या सोमवारी ती ड्यूटीवर जाते आहे. गोदूबाईची सून जनी तिचं पोर घेऊन सकाळी आपल्या पडवीत बसेल, झोयाला तीच बघेल. मी दुपारनंतर. हे बिल्किसने मला विचारून ठरवलं. मी हो म्हटलं, आणि चुलीजवळ आडवी फळी मारून घेतली.

आता तुझं. पहिली तारीख तू घातलीस, ती तुझ्याजवळ ठेव. कुणाला माहेरी धाडायचंच असेल तर चूक माझी आहे, मला धाड. माझं माहेर मंडणगडला, तिथे आता दार उघडायला कुणी नाही, ते बघून ठरव.

तिला जे सांगायचं ते कागदावर, तिच्या नावाने, बंद पाकिटात लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तुला बायको आहे, मुलगी आहे, पस्तीस वर्षांचा आहेस.

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, अम्मा, शेवटी दुआ लिहा, ते परमुलखात आहेत. आजवर एकाही पत्राखाली तुझी दुआ चुकवली नव्हती. ह्या पत्राखाली लिहीत नाही. तिला तुझं पत्र आलं की लिहीन.

तुझी आई,
हलीमा