तळ बंद करण्याआधीचा आवाज

३ मार्च
हवाई तळ बंद करण्याचा पर्यावरण आढावा अखेर माझ्याकडे आला. ऑफिसात दुसरं कोणी रिकामं नव्हतं, असं साहेब म्हणाले. मोठी माणसं कौतुकही आडवळणानेच करतात. तळाच्या जागी बाग, तळं आणि सायकल ट्रॅक होणार. त्याने हवेला, पाण्याला, कानांना काय फायदा होईल, ते आपण लिहायचं. महिनाअखेर संपवतो.

संपवायलाच हवं. डिसेंबरात धावपट्टीच्या टोकाला फ्लॅट मीच घेतला, हिला न विचारता. तळ बंद होणार म्हणजे पुढे शांतताच शांतता, हा माझा दूरदृष्टीचा विचार. सामान आलं, मागून ही आली आणि नेमकं तेव्हाच एक विमान गच्चीवरून गेलं. ही नर्स आहे, रात्रपाळी करते, दिवसा झोपते. हातातली पिशवीही खाली न ठेवता बहिणीकडे गेली. म्हणजे साडूच्या घरी. बंदचा हुकूम दाखवा, मग येते, म्हणाली. थोडक्यात, माझा संसार आणि देशाची हवा एकाच फायलीत आहे.

५ मार्च
तळावर गेलो. विमानं जानेवारीतच दुसरीकडे हलवली आहेत. आता उरलंय गवत, कुलपं आणि कमांडर. कमांडर रोज बूट चमकवून रिकाम्या धावपट्टीकडे तोंड करून उभे राहतात. चहा चांगला करतात. इतकी शांतता, की माझं पोट बोललेलं त्यांना ऐकू गेलं. त्यांनी बिस्किटं काढली.

अहवालात लिहिलं: आवाज नाही. एका ओळीत प्रकरण खलास.

संकल्प: रोज पहाटे धावपट्टीवर धावणे.

६ मार्च
धावपट्टी फार लांब आहे. सोमवारपासून.

११ मार्च
आवाजाचं प्रकरण परत आलं. साहेब म्हणतात, तक्त्यात बंद करण्याआधीचा आवाज हवा आणि नंतरचाही. आधीही नाही, नंतरही नाही, तर बंद करून मिळवलं काय? मुद्दा बिनतोड होता. माझ्यावर सोडा, म्हणालो.

जुने आकडे कमांडरांकडे मागितले. गोपनीय होते म्हणून जाळले, म्हणाले. जाळताना धूर किती झाला, त्याचीही नोंद नाही. अशा परिस्थितीत मी काम करतो.

१३ मार्च
अंघोळ करताना सुचलं. आधीचा आवाज हवा, तर आधीची विमानं आणायची. एक विमान, एक फेरी, एक आकडा. वरच्या कार्यालयाला पत्र तयार केलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

आमच्या पथकातल्या पक्षीवाल्या बाई म्हणाल्या, असलं काही करू नका, टिटव्यांनी धावपट्टीवर अंडी घातली आहेत. सरळ ‘आकडे उपलब्ध नाहीत’ लिहा आणि घरी जा. हातपाय गाळणारी माणसं मला आवडत नाहीत. शिवाय घरी आहे कोण?

१९ मार्च
साहेबांनी पत्रात किरकोळ दुरुस्ती केली होती. एका विमानाने काय सिद्ध होणार, नेहमीसारखी पूर्ण वाहतूक हवी, अशी. परवानगी लगेच आली. माझ्या शब्दाला वर वजन आहे. कमांडरांना सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली असेल.

२४ मार्च
विमानं आली. पहिलं डोक्यावरून गेलं तेव्हा मी दोन्ही हात कानांवर नेले. आवाज मोजायचा मीटर त्यातल्याच एका हातात होता. तुकडे कमांडरांनी रुमालात गोळा करून दिले. नवा मीटर येईपर्यंत विमानांचा मुक्काम वाढवून घेतला.

टिटव्या गेल्या. पक्षीवाल्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

३१ मार्च
महिनाअखेर. तशी अजून संध्याकाळ बाकी आहे.

विमानं आली म्हणून इंधन आलं, इंधन आलं म्हणून मेकॅनिक आले, मेकॅनिक आले म्हणून खानावळ सुरू झाली. न्हावीसुद्धा आला. मी केस कापून घेतले. सगळं तात्पुरतं आहे. कमांडरांनी कुंपणाला रंग दिला. तोही तात्पुरता, म्हणाले.

हिचा फोन. साडूचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तरी तिथवर आवाज जातो म्हणे. हे काय चाललंय, विचारलं. म्हटलं, हा तळ बंद होण्याचाच आवाज आहे. खात्री पटावी म्हणून फोन खिडकीबाहेर धरला. हिने फोन ठेवून दिला. पटलं असावं.

९ एप्रिल
अहवाल पूर्ण. आधीच्या आवाजाचा आकडा असा दणदणीत, की साहेबांनी पाठ थोपटली. वस्तुस्थितीही मी हातचं न राखता लिहिली आहे: टाक्या भरलेल्या, धावपट्टी सुस्थितीत, कर्मचारी हजर, जेवण गरम. हिला मेसेज केला, बॅग भर. ‘बघू’ असं उत्तर आलं. हिच्या भाषेत हा होकारच.

१७ एप्रिल
जनसुनावणी. आजूबाजूचे लोक खवळले होते. जानेवारीपासून जरा झोप लागत होती, ती कोणी मोडली, विचारत होते. मी म्हणालो, मोडल्याशिवाय मोजता येत नाही. टाळ्या अपेक्षित होत्या.

मग वरच्या कार्यालयाचे अधिकारी उठले आणि माझाच अहवाल वाचू लागले. नावानिशी. मी मान लववून दाद दिली. तळ ओस पडला म्हणून बंद करायचा होता, पण या अभ्यासपूर्ण अहवालानुसार तो पूर्ण वापरात आहे, सबब प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे. कमांडरांनी मला कडकडून मिठी मारली. माझी मान लववलेलीच राहिली.

१८ एप्रिल
खचून जाणं माझ्या स्वभावात नाही. पुरवणी अहवाल देणार. विषय: चालू तळाचे पर्यावरणीय फायदे. विमानाची सावली पडते, हा एक झाला.

हिला सांगायची घाई नको. योग्य वेळ बघून, समोरासमोर.

२० एप्रिल
खाली टेम्पो थांबला, ही उतरली. मी तीन-तीन पायऱ्या गाळत खाली गेलो. ही सामान न्यायला आली होती. सुनावणीची बातमी आधीच पोचली होती, साडू पेपर वाचतो.

मी पुरवणी अहवालाचं सांगायला लागलो. ही म्हणाली, आधी पलंगाचं ते टोक धरा. धरलं. जिना उतरताना वळून घराकडे पाहिलं. रिकाम्या घरात मी एकटा काय करणार होतो? मीही येऊ का, विचारलं. हिने टेम्पोवाल्याला सांगितलं, पुढे दोघांना बसायचंय.

२ मे
मुक्काम साडूच्या बाल्कनीत. पलंग आत मावला, मी नाही. साडू माणूस चांगला आहे. दर जेवणाला विमानांची चौकशी करतो.

ही सकाळी ड्यूटीवरून येते तेव्हा मी ऑफिसला निघालेलो असतो. मी परततो तेव्हा ही निघालेली असते. भेट होते ती जिन्यात. आज तिथेच थांबवून म्हणालो, काहीही झालं तरी आता आपण एका घरात राहतो. ही म्हणाली, हो, राहतो. बाजूला व्हा, बस जाईल माझी.